फिलोमिनाचं कन्फेशन मी केलं

मी कॅथलिक नाही. आमच्या सावंतांच्या सात पिढ्यांत कुणी नव्हतं. तरीही बोरिवलीच्या एका चर्चमध्ये, शनिवारी संध्याकाळी, रीतसर रांगेत उभं राहून मी कन्फेशन केलेलं आहे. आणि तेसुद्धा स्वतःच्या पापाचं नव्हे, वरच्या मजल्यावरच्या बाईच्या.

मी निवृत्त झाले तेव्हा घरात दोन मतं होती. आमच्या ह्यांचं म्हणणं, आता तू आराम कर. माझं म्हणणं, आता मी समाजाला काहीतरी देणार. (समाजाला कुणी विचारलं नव्हतं.) मी तीन महिन्यांचा योगशिक्षिकेचा कोर्स केला, सर्टिफिकेट फ्रेम करून टीव्हीच्या वर टांगलं आणि सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी साडेसहाला बायकांचा वर्ग सुरू केला. सहा जणी आल्या. सातवीही आली होती, पण ती पाण्याची टाकी कधी साफ करणार हे विचारायला.

त्या सहांतली एक फिलोमिना. ती आमच्या बरोब्बर डोक्यावर राहते, दुसऱ्या मजल्यावर. माहेर गोराईचं, मराठी आमच्याइतकंच पक्कं, आणि बांगड्याच्या कालवणात बाटली मसाला घालायचा की तिरफळं यावरून आमचं वीस वर्षांचं भांडण. छोट्या मुलींचे कम्युनियनच्या विधीचे पांढरे फ्रॉक शिवून शिवून तिची कंबर पार गेली होती. चर्चमध्ये सगळे गुडघे टेकायचे तेव्हा ही एकटी बाकावर बसून राहायची.

"देवासमोर खुर्ची टाकून बसल्यासारखं वाटतं गं," म्हणायची.

मी तिला अक्षरशः हाताला धरून वर्गात आणली. आणि चार महिन्यांनी एका रविवारी ती चर्चमधल्या मिसाहून थेट माझ्या दारात! पायात उंच टाचांच्या सँडल तशाच.

"नंदा! टेकले!"

"काय टेकलं?"

"गुडघे! दोन्ही! आणि उठले पण!"

तिने मला मिठी मारली. मी तिच्या खांद्यावरून सर्टिफिकेटकडे पाहिलं. (त्या क्षणी मला जो अहंकार झाला, त्याचीच ही पुढची सगळी कथा आहे.)

त्यानंतर मरोळहून तिची मोठी नणंद पंधरा दिवस राहायला आली. एर्मेलिनबाई. शाळेत मुख्याध्यापिका होत्या. अजूनही समोरच्या माणसाकडे गृहपाठ तपासल्यासारख्या बघतात. त्याच आठवड्यात हॉलला रंग काढत होते म्हणून मी वर्ग गच्चीवर हलवला होता. बाई मिरच्या वाळत घालायला परात घेऊन वर आल्या, आणि बघतात तर काय? आपली भावजय उगवत्या सूर्याकडे तोंड करून, हात जोडून उभी, आणि बाजूला मी गर्जना करतेय, "ॐ मित्राय नमः!"

परात दारातच थांबली. वळली. खाली गेली.

घरी काय झालं ते मला नंतर फिलोमिनानेच सांगितलं. एर्मेलिनबाईंनी चहासुद्धा घेतला नाही. सरळ तोंडी परीक्षा.

"फिलोमिना, पहिली आज्ञा कोणती?"

"एकाच देवाची उपासना कर."

"मग हा मित्राय कोण?"

दुसऱ्या दिवशी फिलोमिना आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मी जिना चढून गेले. माझ्या मते तो पाच मिनिटांचा प्रश्न होता.

"अगं, वेडी का तू? योगात धर्म कुठून आला? नुसता व्यायाम आहे तो!"

ती फ्रॉकला लेस लावत होती. मान वर न करता म्हणाली, "योगदिनाला तू भाषण केलंस ना? 'योग हा नुसता व्यायाम नव्हे, ती आत्म्याला परमात्म्याशी जोडणारी साधना आहे.' मी पहिल्या रांगेत होते. टाळ्या पण वाजवल्या."

"अगं, ते भाषणात म्हणायचं असतं!"

"मग खरं काय?"

मला एकदम आठवलं की मला कुकर लावायचा आहे.

कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत मी तोडगा काढला. योगच असा करून टाकायचा की कुणाच्याही देवाची हरकत राहू नये! सोमवारपासून मी वर्गात सुधारणा जाहीर केल्या. सूर्यनमस्काराचं नाव 'बारा पायऱ्यांचा व्यायाम'. भुजंगासनाबद्दल तर फिलोमिना पहिल्या दिवशीच कुरकुरली होती. "साप? आमच्याकडे सगळी वाट सापानेच लावली ना!" म्हणून मी भुजंगाचं केलं गांडूळ. गांडुळासन. शेतकऱ्याचा मित्र, कुठल्याही धर्मात त्याच्याविरुद्ध काही नाही. आणि ॐच्या जागी सगळ्यांनी ओठ मिटून नुसतं 'हम्म्म' करायचं.

आमचे हे मला घराची चावी द्यायला हॉलवर आले, दारातच थबकले आणि मालवणीत म्हणाले, "हॉलात फ्रीज कोणी हाडलो?" (हाडलो, म्हणजे आणला.)

बायकांना तेवढंच निमित्त हवं होतं. पाटणकर वहिनी, वय बहात्तर, चटईवरून उठून बसल्या.

"नंदाताई, ॐ नसेल तर मी येणार नाही. आणि ह्या वयात मी गांडूळही होणार नाही!"

त्या गेल्या. त्यांच्या मागून आणखी दोघी गेल्या. राहिल्या दोन. त्यातल्या एकीला कमी ऐकू येतं, त्यामुळे काय काय बदललंय हे तिला कळलंच नव्हतं. ती मोठ्याने ॐ म्हणत होती.

आणि जिच्यासाठी हे सगळं केलं ती फिलोमिना? ती आलीच नाही! जिन्यात दिसली तर "बरी आहेस ना?" एवढंच. एकदा मी तिला खालून पाहिलं. एका हाताने कठडा धरून, दुसरा हात कंबरेवर ठेवून ती एकेक पायरी उतरत होती. गुडघे टेकल्यापासून तो हात कंबरेवर गेला नव्हता. मला फार वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी नेहमी जे करते तेच केलं. कुणालाही न विचारता कामाला लागले. म्हटलं, सरळ वरच्या अधिकाऱ्याला भेटावं. फादरांकडून एकदा 'हरकत नाही' आलं की मुख्याध्यापिकासुद्धा काही बोलू शकणार नाही.

शनिवारी संध्याकाळी चांगली साडी नेसून मी चर्चमध्ये गेले. आत मेणबत्त्यांचा वास, छान गारवा. उजव्या भिंतीला एक सुरेख लाकडी कपाट. कपाटाला जाळी. जाळीसमोर रांग.

आता बघा, मी एकतीस वर्षं सरकारी कार्यालयात चौकशीच्या खिडकीवर काढली. जाळी आणि रांग एकत्र दिसली की तिथे काय चालतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी रांगेत उभी राहिले.

"फादर आत आहेत ना?" मी पुढच्या बाईला विचारलं.

तिने मान हलवली आणि ओठांवर बोट ठेवलं. मला त्या शिस्तीचं कौतुक वाटलं. माणसं दोन-तीन मिनिटांत काम उरकून, चेहरा हलका करून बाहेर पडत होती. आमच्या खिडकीवरून इतक्या समाधानाने कुणी कधी परत गेलेलं मला आठवत नाही.

माझा नंबर आला. जाळीखाली एक बुटकी, गादी लावलेली फळी होती. ती गुडघे टेकायची, हे मला नंतर कळलं. मी तिच्यावर बसले. त्यामुळे जाळी आली माझ्या पाठीमागे, आणि मला कंबर पिळून, मान पूर्ण वळवून बोलावं लागलं. (अर्धमत्स्येंद्रासन. चर्चमध्ये मी योग केला तो एवढाच.)

आतून हळू आवाज आला, "बोला."

आता दुसरी अडचण. जाळी दिसली की माझा आवाज आपोआप चढतो. जाळीपलीकडच्या ज्येष्ठ नागरिकालाही पहिल्या फटक्यात ऐकू गेलं पाहिजे, ही एकतीस वर्षांची सवय.

"नमस्कार फादर! फिलोमिनाचं काम होतं!"

आतून प्रश्न आला, "तुम्ही फिलोमिना का?"

"नाही, ती वरच्या मजल्यावरची. पण चूक तिची नाही, फादर. चूक माझी. तिला नादी मीच लावलं!"

"कसल्या नादी?"

"आधी नुसतं ओढायला आणि सोडायला शिकवलं. म्हटलं, झेपेल तेवढंच ओढ. मग हळूहळू वाढवत नेलं. सहा जणी होतो आम्ही. रोज सकाळी साडेसहा, सोसायटीच्या हॉलमध्ये! शेवटी दहा मिनिटं सगळ्या निपचित पडून राहतो. तेव्हा तर तिला घरदार काही आठवत नाही, इतकं बरं वाटतं! पण मागच्या आठवड्यात गच्चीवर नणंदेने पकडलं!"

आत खुर्ची करकरली. मग अगदी जपून प्रश्न आला.

"बाई... काय ओढता तुम्ही?"

"श्वास, फादर! श्वास!"

आत कुणाला तरी जोराचा खोकला आला. खोकला थांबल्यावर आवाज म्हणाला, "तुम्ही कॅथलिक आहात का?"

"नाही फादर, मी सावंत."

"सावंतबाई, ही चौकशीची खिडकी नाही. इथे कन्फेशन चालतं. तुम्ही बाहेर झाडाखाली बसा. माझं इथलं आटोपलं की मी येतो."

मी उठून वळले. सगळी रांग माझ्याकडे बघत होती. पुढच्या बाकांवर प्रार्थनेला बसलेलेसुद्धा वळून बघत होते. आणि रांगेत पाचवी, हातात रोझरीची माळ, चेहरा लालबुंद, फिलोमिना! तिच्या मागे एर्मेलिनबाई.

फिलोमिना रांग सोडून पुढे आली. माझा दंड धरून तिने मला बाहेर बदामाच्या झाडाखाली आणलं.

"मी तेच सांगायला आले होते, नंदा! दोन दिवस मनात वाक्यं जुळवत होते, कसं सांगू म्हणून. आता काय सांगू? तू वेळ आणि ठिकाण सांगून मोकळी झालीस!"

मला हसू फुटलं. ती हसली नाही. तेव्हा मी थांबले.

"तू मला एकदा तरी विचारलंस?" ती म्हणाली. आता आवाज खाली आला होता, आणि ते जास्त वाईट होतं. "नावं बदललीस. ॐ काढलास. माझ्यामुळे वर्ग मोडला म्हणून पाटणकर वहिनी माझ्याशी बोलत नाहीत. मी म्हटलं होतं का, ॐ काढ? माझी नणंद मला विचारत नाही, आणि तूही विचारत नाहीस. तिने ठरवलं पाप आहे, तू ठरवलंस काहीच नाही. अगं, मला आधी बघू तरी द्या, मला काय वाटतं ते!"

एकतीस वर्षं मी लोकांना उत्तरं दिली होती. ह्या वेळी मी झाडाखालच्या बाकावर जाऊन बसले.

तेवढ्यात एर्मेलिनबाई बाहेर आल्या आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. फिलोमिना आमच्या मधे. थोड्या वेळाने फादर आले. शिडशिडीत, वसईकडचे, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. मी उभी राहिले. बाईंनी लगेच प्रश्न टाकला.

"फादर, योग करणं पाप आहे की नाही? एक काय ते सांगा."

फादर बाकावर टेकले. "आधी मला सावंतबाईंना विचारू दे. तुम्ही सूर्यनमस्कार घालता तेव्हा तुमच्या मनात काय असतं?"

'काही नाही, नुसता व्यायाम' हे माझ्या अगदी ओठांवर होतं. पण देवाच्या दारात, मग तो शेजाऱ्यांचा का असेना, खोटं बोलवेना.

"माझे वडील असतात," मी म्हटलं. "गावाला अंगणात उभे राहून सूर्याला पाणी द्यायचे. मी नमस्कार करते म्हणजे खराच करते, फादर."

"मग त्याला नमस्कारच म्हणा. तुमचं आहे ते, लपवता कशाला? फक्त तिला त्यात काही नाही असं सांगू नका." मग ते फिलोमिनाकडे वळले. "आणि तुझ्या मनात काय असतं?"

"कंबर," फिलोमिना म्हणाली.

फादर हसले. "आणि शेवटी निपचित पडता तेव्हा?"

ती जरा अडखळली. माझ्याकडे चोरून बघितलं. "तेव्हा मी मनात रोझरी म्हणते. दहा मणी आरामात होतात."

"शवासनात?" मी ओरडलेच. "मी 'मन रिकामं करा, मन रिकामं करा' म्हणत असते तेव्हा?"

"तू रिकामं करा म्हणतेस," ती म्हणाली, "मी भरून घेते."

मी माझ्या शिक्षणपद्धतीबद्दल पुढे काही बोलले नाही.

फादर म्हणाले, "शरीराला ताण द्यायला माझी ना नाही. हात कुणापुढे जोडायचे, ते मात्र तुझं तू जाणतेस. जिथे मनाला टोचतं तिथे थांब. दुसऱ्या एखाद्या फादरांना विचारशील तर ते कदाचित सरळ नको म्हणतील, तेही ऐकून ठेव. पण ठरव तू."

एर्मेलिनबाई थोडा वेळ चर्चच्या दाराकडे बघत बसल्या. "मला पटलेलं नाही," त्या म्हणाल्या. मग रुमालाची घडी घालत, "पण मरोळहून रोज हिची कंबर चेपायला मी काही येऊ शकत नाही, हेही खरं."

फादरांनी निरोप घेतला. फिलोमिनाने तिथेच बाकावर बसून आपल्या अटी सांगितल्या, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा मधे न बोलता ऐकून घेतल्या. तुम्ही तुमचा ॐ म्हणा, तो संपेपर्यंत मी बाहेर थांबेन. सूर्यनमस्कार मी घालणार नाही, तेवढा वेळ कोपऱ्यात मानेचे व्यायाम करीन. बाकी सगळं करीन.

"आणि ते गांडूळ," ती म्हणाली, "देवासाठी काढून टाक."

"कुठल्या देवासाठी?"

"दोन्ही!"

तेव्हा कुठे ती हसली.

सोमवारी मी पाटणकर वहिनींच्या घरी जाऊन जुनी नावं परत आणल्याचं कळवलं. वर्ग पुन्हा भरला. पहिल्या दिवशी ॐ सुरू असताना फिलोमिना दाराबाहेर चपला काढत उभी होती. तीन वेळा म्हणायचा ॐ पाटणकर वहिनींनी दोन वेळांतच आवरला. "पुरे हो," त्या कुजबुजल्या, "ती ताटकळतेय बाहेर."

पुढच्या आठवड्यात दोन अनोळखी बायका वर्गाला आल्या. पत्ता कुणी दिला म्हणून विचारलं, तर एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. त्या शनिवारी रांगेत होत्या म्हणे.

चर्चमधल्या प्रकाराबद्दल मी घरी चकार शब्द काढला नव्हता. काढणारही नव्हते. पण रविवारी आमचे हे मासळी बाजारात गेले, आणि परत आले ते नुसते बांगडे घेऊन आले नाहीत. पिशवी ओट्यावर ठेवली, हात धुतले, खुर्चीत बसले आणि माझ्याकडे बघत राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"चर्चात जावन 'चूक माझी, चूक माझी' म्हणून बोंबललंस, ह्या खरां?"

"बोंबलले नाही. सांगितलं."

"लग्नाक पस्तीस वर्सां झाली," हे म्हणाले. "ह्या वाक्य तुझ्या तोंडातसून मी एकदाय आयकूक नाय."

मी बांगडे साफ करायला घेतले.  मग हे उठले, कपाटातून मोजपट्टी काढली आणि माझ्यासमोर ओट्यावर ठेवली.

"पुढच्या शनवारी गेलंस की त्या जाळीच्या कपाटाचा माप घेवन ये," हे म्हणाले. "आपल्या घरात एक बसवया."